शीआनचा पाहुणा आणि चांद्याचा परकोट

चीनला जाऊन आलेला माणूस निदान वर्षभर तरी तिथलाच असतो. माझा पुण्याचा मावसभाऊ कंपनीच्या कामानं शीआनला राहून आला आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी गणपतीऐवजी चिनी सम्राटाचं दर्शन घडू लागलं. शीआन ही चीनची जुनी राजधानी. मिंग राजांनी चौदाव्या शतकात बांधलेला तिचा तट पावणेचौदा किलोमीटर घेराचा आहे, आणि वरून इतका रुंद की भाड्याची सायकल घेऊन शहराला प्रदक्षिणा घालता येते. भावानं घातली होती. पुराव्यादाखल तटाचा, सायकलचा आणि सुजलेल्या गुडघ्याचा असे वेगवेगळे फोटो आले.

असा माणूस दसऱ्याला आमच्या अहेरीला यायचा म्हटल्यावर मी त्याला घ्यायला चांद्यालाच, म्हणजे चंद्रपूरला गेलो. म्हटलं, आधी आपला परकोट दाखवू, मग बोलू.

चांद्याच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. दरवाजावर दगडात कोरलेला गोंड राजांचा सिंह, हत्तीला पंजाखाली घेतलेला. जटपुरा गेटपाशी भाऊ मान वर करून तो न्याहाळत उभा राहिला आणि मागे ऑटोंची रांग लागली. "ओ भाऊ, फोटो मागून काढा ना, आम्हाले जाऊ द्या पयले!" शीआनच्या वेशीत त्याला असं आपुलकीनं कोणी हाक मारली नव्हती.

"तटाची आखणी कोणी केली?" त्यानं विचारलं.

"सशानं."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण दंतकथाच तशी आहे. खांडक्या बल्लाळशहा राजा शिकारीला निघाला, तर एक ससा उलटा त्याच्या कुत्र्याच्याच मागे लागलेला दिसला. राणी हुशार. ती म्हणाली, ससा जिथून जिथून धावला, तिथून तट बांधा. चीनच्या सम्राटानं मेल्यानंतरच्या बंदोबस्तासाठी हजारो मातीचे सैनिक पुरून ठेवले. आमच्या राजाचं काम एका सशावर भागलं. पुढं हा तट झाडोऱ्यानं गिळला होता. 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या पोरांनी श्रमदान करून तो मोकळा केला, 'मन की बात'मध्ये त्याचं कौतुकही झालं. आता वरून चालता येतं. सायकलीचं तेवढं बघा कोणीतरी.

"आणि तुझ्या आधी तिकडचा माणूस इकडे येऊन गेलाय," मी ठणकावलं. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग कोसल देशात आला होता. त्या देशाची राजधानी म्हणजे आपलं भांदक, आजचं भद्रावती, असं काही जुन्या संशोधकांचं मत. तो परत गेला ते पोथ्या घेऊन, आणि त्या ठेवायला 652 साली शीआनमध्ये पॅगोडा उभा राहिला. भावानं शीआनहून येताना फ्रिजला लावायचं चुंबक आणलं होतं.

मग अहेरीला निघालो. वाटेतल्या आष्टी ते आलापल्ली रस्त्याबद्दल न बोललेलं बरं. भाऊही बोलत नव्हता. तोंड उघडलं की जीभ दाताखाली येत होती.

रात्री जेवताना तो तिथल्या खाण्यावर आला. शीआनमध्ये एक प्रकार मिळतो, पाओमो. हॉटेलवाला पुढ्यात जाड रोटी आणि रिकामा वाडगा ठेवतो. रोटीचे बोटाच्या पेराहून बारीक तुकडे गिऱ्हाइकानं स्वतः करायचे, मग तो वाडगा आत नेऊन त्यावर मटणाचा रस्सा घालून आणतो. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पैसे देऊन भाकर आपणच कुस्करायची?" तिनं विचारलं आणि त्याच्या भातावर प्राणहितेच्या माशाचं कालवण वाढलं. एवढ्या एका प्रश्नानं चिनी पाककलेचा अहेरीतला दबदबा संपला.

राहण्याचं म्हणाल, तर लॉजवर उतरण्याचा त्याचा बेत आईनं फोनवरच हाणून पाडला होता. दसऱ्याला तसंही अहेरीत खोली मिळणं कठीण. राजवाड्यावरच्या सोहळ्याला गावोगावचे लोक येतात, तेलंगणातून येतात, छत्तीसगडातून येतात. चीनमध्ये परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे चोवीस तासांत नोंद करावी लागते म्हणे. आमच्याकडे हे काम शेजारच्या काकू बघतात, आणि चोवीस तासांची सवलत देत नाहीत. पाहुण्याची चप्पल दारात निघेपर्यंत त्याचा पगार, बायकोचं माहेर आणि परतीची तारीख आळीभर झाली होती.

मोबाइलवर शीआन दाखवायला तो सकाळी प्राणहितेच्या काठावर बसला, तर काठावरची पोरं फोटो बघेचनात. त्यांना कमलापूरच्या हत्तींविषयी बोलायचं होतं. राज्यातला एकमेव हत्ती कॅम्प तिथं आहे, आणि तिथले हत्ती मातीचे नाहीत. मातीचे सैनिक 1974 साली विहीर खणताना सापडले, एवढंच पोरांना आवडलं. "मंग विहिरीले पाणी लागलं का?" एकानं विचारलं. भावाला ते माहीत नव्हतं.

तुम्हीही या. पण दसऱ्यानंतर या, हिवाळ्यात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि पाहुण्याचा मुक्काम किती वाढेल ते काकूंनाही सांगता येत नाही.