पाच डॉलरचे आजोबा

ती. सौ. आईस,

मेतकूट पोचलं. आता मुख्य बातमी : तुझ्या जावयांनी परवा आजोबा विकत घेतले. पाच डॉलरला.

इथे ओहायोत रविवारी लोक जुन्या सामानाच्या दुकानांत हिंडतात. आपल्याकडचा भंगारवाला ज्या कपबश्या फुकटसुद्धा नेणार नाही, त्या इथे काचेच्या कपाटात असतात. कोपऱ्यात बुटांच्या खोक्यांत फोटो होते आणि वर चिठ्ठी, 'तयार पूर्वज'!

काही फोटो लोखंडाच्या पातळ पत्र्यावर काढलेले. मालकीणबाईंनी लोहचुंबक चिकटवून दाखवलं. अशा फोटोंचं पेटंट १८५६ साली ओहायोतल्याच केन्यन कॉलेजच्या हॅमिल्टन स्मिथ या प्राध्यापकांनी घेतलं, हे बाईंनी अशा थाटात सांगितलं की प्राध्यापक त्यांच्याच आळीत राहत असावेत.

तेव्हा फोटोला काही सेकंद निश्चल राहावं लागे. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू. एका गृहस्थांच्या बुटांमागे टेकूचे पाय दिसतात, त्यामुळे त्यांना चार-पाच पाय आहेत. तान्ह्या बाळांना टेकू कसला लावणार? म्हणून आईच अंगावरून चादर ओढून खुर्ची व्हायची. आमच्या मुक्ताने विचारलं, "हे भूत आहे का?" म्हटलं, "नाही गं, आई आहे." आमच्या अल्बमात तरी मी कुठे दिसते? चादर नाही एवढंच, फोटो काढत असते.

आमचे आजोबा पुठ्ठ्यावरचे, दाढीवाले. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६४ ते १८६६ सरकारने फोटोंवरही कर बसवला होता, त्याचं तिकीट मागे आहे. फोटोवाल्याचा पत्ता आहे. माणसाचं नाव तेवढं नाही. ह्यांना नाक आपल्या नानांसारखं वाटलं, म्हणून दिवाणखान्यात लावलेत. काल पाहुण्यांनी विचारलं, "हे कोण?" तर म्हणाले, "चुलत आजोबा. इकडेच असायचे."

तेव्हा माळ्यावरची ट्रंक काढ आणि आत्याला बोलाव. लग्नाच्या फोटोतले ते कोटवाले, तू म्हणतेस दादरचे, आत्या म्हणते इंदूरचे. आधी भांडून घ्या, मग मागे नाव लिहा. पेन्सिलीनेच, पेनाची शाई पुढे उमटते. आणि ज्या फोटोतला एक चेहरा ब्लेडने खरवडलाय, त्यावरही लिही. ती तूच आहेस, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

बाबांना नमस्कार.

तुझी,
शुभा