विलायचीची नोकरी

मी नोकरी नाकारली, हे आमच्या गल्लीत कुणालाच पटत नाही. संभाजीनगरच्या गुलमंडीवर चहा पिताना एक मित्र म्हणाला, “सरळ सांग ना, इंटरव्ह्यूत उडालास!” दुर्गा भागवतांनी पद्मश्री नाकारली, तेव्हा त्यांना कुणी “बाई, यादीत नाव आलं नव्हतं का?” असं विचारलं नसणार. पण त्या दुर्गाबाई. मी सिडकोतला.

तर, महिना दीड लाख आणि मुंबईत फ्लॅट. काम एवढंच, की विलायचीच्या जाहिराती लिहायच्या. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. विलायचीला नाही. म्हणून नाव तेच, पुडीचा रंग तोच, आत विलायची. आणि ती विकायला हिरो हेलिकॉप्टरमधून उतरतो. आमच्या आजीनं जन्मभर बासुंदीत विलायची घातली, तिच्यासाठी साधी रिक्षा कधी थांबली नाही.

साहेबांनी विचारलं, “काही अडचण?” तत्त्वबित्त्व काही आठवलं नाही. आठवले ते आमचे धाकटे मामा. मामा नानखलियाचे भक्त. नानखलिया तुघलकाच्या लष्कराबरोबर इथं आला म्हणतात. १३२७ साली तुघलकानं राजधानीच दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्या बदलीला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. मामांची गुटख्याची पुडी मात्र कुणी सक्तीनं सुरू केली नव्हती. घाटी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, “तीन बोटं उभी तोंडात घाला.” एकच गेलं. आता मामा नान रश्शात भिजवतात, त्याची चपटी घडी करतात आणि पोस्टाच्या पेटीत पत्र सारावं तशी आत सारतात.

साहेबांना म्हटलं, “जमायचं नाही.” आवाज थोडा चिरकला. बाहेर येऊन दीड लाख गुणिले बारा केलं, ते अजून अधूनमधून करतो.

सासरे म्हणाले, “विलायचीनं कुणाचं वाईट झालंय?” बायको काहीच बोलली नाही. आठवड्यानं नळ आला, तेव्हा ड्रम भरता भरता एवढंच म्हणाली, “त्या फ्लॅटला म्हणे चोवीस तास पाणी होतं.”

म्हटलं, निदान मामा तरी पाठ थोपटतील. मुद्दाम नानखलिया घेऊन गेलो, सगळं सांगितलं. मामांनी घडी आत सारली, बराच वेळ चघळली आणि दातांच्या फटीतून म्हणाले,

“येडा हाईस. स्टाफला माल फुकट भेटला असता.”