शेवटची सुकेळी

संध्याकाळची विरार फास्ट. एका पायापुरती जागा मिळवून वसईचा एक गृहस्थ फोन कानाला लावतो. पलीकडून सौभाग्यवती यादी सांगतात: आलं, कोथिंबीर, नारळ, साबण, सुकेळी. गृहस्थ प्रत्येक जिन्नसाला "हं" म्हणतो. शेवटी प्रश्न येतो, "अहो, ऐकताय ना?"

सुकेळी तिथेच गेली.

यात त्याचा दोष नाही, असं मानसशास्त्र सांगतं. (सौभाग्यवतींना ते पटेलच असं नाही.) वाचलेल्या यादीपेक्षा ऐकलेल्या यादीतला शेवटचा शब्द जास्त चांगला आठवतो, कारण आवाज कानात क्षणभर रेंगाळतो. पण त्याच्या पाठोपाठ आणखी एखादा बिनकामाचा शब्द कानावर पडला, की तो रेंगाळलेला आवाज पुसला जातो. क्राउडर आणि मॉर्टन यांनी १९६९ मध्ये हे मांडलं. नुसता बझर वाजला तर असं नुकसान होत नाही. त्यासाठी माणसाचाच आवाज लागतो. म्हणजे लोकलचा भोंगा निर्दोष सुटला!

मग यादी लिहूनच घ्यावी? डोळेसुद्धा शेवटी कानाकडेच धाव घेतात. केंब्रिजच्या कॉनरॅडने १९६४ मध्ये लोकांना इंग्रजी अक्षरं नुसती दाखवली, तरी आठवताना घोळ झाला तो सारख्या उच्चारांचा. 'व्ही'च्या जागी 'बी' यायचं.

वसईकरांना हा घोळ जुनाच. आपल्या 'व'चा पोर्तुगीजांनी 'ब' केला, इंग्रजांनी वसईचं बॅसीन केलं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतला, पण रेल्वेच्या कोडातला 'ब' काही हलला नाही. वसई रोडचा कोड आजही बीएसआर.

मग या घोळावर उपाय काय? कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातल्या मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की मनात वाचलेल्या शब्दापेक्षा मोठ्याने उच्चारलेला शब्द जास्त लक्षात राहतो. गृहस्थाला हे कोणी सांगितलं नव्हतं, तरी भाईंदरची खाडी ओलांडताना तो पुटपुटू लागला, "नारळ, साबण, आणि... आणि सुकेळी!" एवढ्यात डब्यात घोषणा झाली, पुढील स्टेशन नायगाव. मग तीच हिंदीत. मग इंग्रजीत.

घरी पिशवीतून आलं, कोथिंबीर, नारळ आणि साबणाच्या दोन वड्या निघाल्या. सुकेळी त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या प्रवाशाने नेली.