वैशाखातली थंडी

थंडी पडली की पहिली हुडहुडी वर्तमानपत्रांना भरते. निफाडचा पारा घसरतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवाचं हिम होतं आणि जॉगिंग ट्रॅकवरच्या माकडटोपीतल्या काकांचा फोटो छापून येतो. फोटो दरवर्षी नवा असतो. काका बहुधा तेच.

निफाडचा पारा मोजतात कुठे? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. म्हणजे थंडी वाजते अख्ख्या तालुक्याला आणि तिची नोंद होते गव्हाशेजारी. गहू खूश असतो, थंडी त्याला मानवते. द्राक्षाला मानवत नाही, मणी तडकतात. म्हणून बागांमधून पहाटे शेकोट्या पेटतात. शेकोटी द्राक्षांसाठी असते. गडी तिच्याजवळ टेकला तर द्राक्षं हरकत घेत नाहीत.

बरं, थंडीची ‘लाट’ म्हणवून घ्यायलाही कागदपत्रं लागतात. हवामान खात्याचा नियम असा की मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं, शिवाय ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलेलं हवं. किनारपट्टीला सवलत आहे, तिथं १५ अंशांवरही भागतं. मुंबईकर तेवढीही वाट बघत नाहीत, विसावर स्वेटर काढतात.

आणि पारा साडेचारऐवजी चारच अंश उतरला तर?

मग ती लाट नव्हे. कुडकुडणं हा तुमचा खासगी प्रश्न.

सध्या एक यादी मोबाइलवरून फिरते आहे. ‘हिवाळी संकटाची तयारी, अगदी बजेटमध्ये’. थर्मलचे दोन-दोन जोड, रूम हीटर, पॉवर बँक, सात दिवसांचा जादा शिधा. कुणाच्या बजेटमध्ये, ते लिहायचं राहून गेलंय.

सात दिवसांचा शिधा! रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य घेणाऱ्या घरात जादा शिधा म्हणजे डब्याच्या तळाशी हाताला लागतं ते. एकतीस तारखेला तेही लागत नाही.

हीटरचा हिशेब तर तिसरीतलं पोर करील. २००० वॉटचा हीटर अखंड चालला तर तासाला २ युनिट. रात्रीचे आठ तास धरा, १६ युनिट. महिन्याचे ४८०. ज्या घरात शंभरच्या आत राहायचं म्हणून टीव्हीचा लाल दिवासुद्धा मालवून झोपतात, तिथं हा हीटर लावायचा. शंभराच्या पुढे युनिटचा दर उडी मारतो. थंडी संक्रांतीनंतर उतरू लागते, बिल मात्र होळीपर्यंत अंगावर काटा आणतं.

मग गरिबाचा हीटर कोणता? पाण्याची कांडी. वीस लिटरची बादली अंघोळीपुरती तापवायला अर्धा-पाऊण युनिट आणि पंचवीसेक मिनिटं पुरतात. काम चोख, खर्च बेताचा. घोळ सगळा प्लगपाशी. कांडीची जाड पिन घरातल्या लहान सॉकेटात जात नाही. मग काय करतात? प्लगच कापून टाकतात, वायरची उघडी टोकं सॉकेटात घालतात आणि ती सुटू नयेत म्हणून वर काडेपेटीच्या दोन काड्या खोचतात. काडी हे मुळात पेटण्याचं साधन आहे, याचा विसर माणसाला पडतो. काडीला पडत नाही.

पाणी तापलं का ते बघायला कांडी चालू असतानाच बोट घालणारे वेगळे. त्यांना सांगून उपयोग नाही. आधी बटण, मग वायर, मग बोट, हा क्रम त्यांच्या बायकांना पाठ असतो.

आता जरा गंभीर.

दर हिवाळ्यात आतल्या पानावर दोन परिच्छेदांची एक बातमी येते. बंद खोली, आत निखाऱ्यांचं घमेलं, सकाळी दार फोडावं लागलं. किंवा न्हाणीघर, आत गॅस गिझर, खिडकीच्या फटीत कागदाचा बोळा. बोळा कशासाठी? वारा येऊ नये म्हणून. वारा आला नाही.

अर्धवट जळणाऱ्या कोळशातून, गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि आपलं रक्त असं फितूर, की त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त जोरानं कवटाळतं. डोकं ठणकतं, मळमळतं, हातपाय गळतात. आपण काय म्हणतो? पित्त झालं. आलं-लिंबू चाटून पुन्हा त्याच खोलीत आडवे होतो.

या संकटाची तयारी किती रुपयांत होते? शेगडी उंबऱ्याबाहेर, बाहेरच शेकायचं, आणि निजायला आत येताना ती बाहेरच ठेवायची. गिझर बसवतानाच न्हाणीघराच्या बाहेर बसवायचा. खिडकीतला बोळा काढायचा. एकूण खर्च, पाइपचे दोन-चार फूट. यादीत यातलं काहीच नव्हतं, कारण बोळा काढण्यावर कुणाला कमिशन मिळत नाही.

उजेडाचं म्हणाल तर आमचीच फजिती ऐका. गेल्या डिसेंबरात पहाटे चारला लाइट गेली. आईला खोकल्याची उबळ आली होती, औषधाची बाटली सापडेना. उठलो, ड्रॉवरमधली बॅटरी काढली. बटण दाबलं, काही नाही. झाकण उघडलं तर सेल फुटून पांढरी भुकटी स्प्रिंगला चिकटलेली. कधीचे सेल? बहुधा आधीच्या लोडशेडिंगच्या काळातले. मोबाइल तीन टक्क्यांवर. मेणबत्ती मिळाली, पण केकवरची. ५ आकड्याची. त्या पाचच्या उजेडात मी आईला औषध पाजलं आणि ती म्हणाली, ‘कुणाचा वाढदिवस आहे रे?’

दुसऱ्या दिवशी नवे सेल आणले. यंदा बघितलं, तेही आत घालूनच ठेवलेत.

बॅटरी खरी कुणाच्या घरी चालते? ज्याच्या शेताला रात्रपाळीची वीज आहे त्याच्या. गव्हाला, कांद्याला पाणी द्यायचं तर कधी कधी मध्यरात्रीच मोटर सुरू होते. पारा आठवर, पाय चिखलात आणि उसात बिबट्या. ‘दिवसा वीज’ ही घोषणा दर निवडणुकीत दिवसाउजेडी होते. त्याला थर्मलचे दोन जोड घ्यायला सांगा बघू. तो तुमच्याकडे बॅटरीचा झोत टाकून बघेल, माणूस आहे की काय ते.

आता औषधांकडे वळू. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, हे डॉक्टर सांगतात. गोळ्यांचं पाकीट मात्र पंचवीस तारखेला संपत येतं आणि पगार एक तारखेला होतो. मधले पाच-सहा दिवस आजोबा ‘एक दिवसाआड’ घेतात. असा डोस कुठल्याही डॉक्टरनं लिहिलेला नसतो, तो कॅलेंडरनं लिहिलेला असतो. जनौषधी केंद्रात त्याच औषधाची जेनेरिक गोळी बरीच स्वस्त मिळते. पण तिथं कसं जायचं? गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडे उधारी चालते ना!

आणि हेच आजोबा भर थंडीत पहाटे पाचला फिरायला निघतात. ऊन पडल्यावर गेलं तर? छे. सातला ट्रॅकवर तरुण मंडळी असतात.

बरं, छातीत कळ आलीच तर फोन कुणाला लावायचा? घरात केबलवाल्याचा नंबर पाठ असतो, गॅसवाल्याचा असतो, पुण्याच्या मामाचा तर असतोच. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर फुकट धावते आहे. गॅस गळतीला १९०६ आहे, चोवीस तास. दोन्ही नंबर भिंतीवर लिहायला एक खडू पुरतो. पण भिंत नुकतीच रंगवलेली असते.

संकटात पहिला फोन मामालाच जातो. मामा म्हणतो, ‘डॉक्टरला दाखवा.’

ब्लँकेटवाटपाचा हंगामही आता सुरू होईल. एक ब्लँकेट, त्याला धरलेले अकरा हात आणि मधे कुठेतरी घेणारी म्हातारी. ब्लँकेट इतकं पातळ की फोटोत पलीकडचा बॅनर वाचता येतो. कार्यक्रम बहुतेक जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. पाहुण्यांची तारीख त्याआधी मिळत नाही. थंडीनं समजून घ्यावं.

आमच्या वाड्यात मागच्या खोलीत एक मावशी राहतात. चार घरची पोळ्यांची कामं, वर सुईदोरा. ती फिरती यादी मी त्यांना वाचून दाखवली. लेअरिंगपर्यंत आलो तेव्हा त्यांनी थांबवलं. ते काय असतं? मी सांगितलं, एकावर एक पातळ कपडे घालायचे, मधे हवा अडकते, ती ऊब धरून ठेवते, तसे कपडे दुकानात काही हजारांना मिळतात. मावशींनी कॉटवरची वाकळ उलटून दाखवली. वर एक जुनं हिरवं लुगडं, खाली एक फाटकं धोतर, मधे सुनेच्या दोन साड्या आणि कडेपासून मधोमध येत गेलेला बारीक धावदोरा. आत हवा किती अडकली होती, ते मोजलं नाही मी. पण हात घातला तो पटकन काढवेना.

‘थंडीत शिवायला बसता का?’ मी विचारलं.

‘थंडीत बोटं वळतात होय? वैशाखात शिवायची. पोरांच्या सुट्ट्या असतात, सुई ओवून देतात.’

बोलता बोलता त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून कापड चाचपलं. चांगलं सुती आहे म्हणाल्या, धुऊन धुऊन मऊ पण झालंय.

‘भाऊ, हा कधी टाकणार?’