एकट्याचं अनेकवचन

एका माणसाचं अनेकवचन करायला तारकर्लीत 'नू' पुरतो. मैदानात दंगा करणारी दहा-बारा पोरं दिसली की 'पोरांनू', आणि सायकलवरून एकटेच चाललेले मास्तर दिसले तरी 'मास्तरानू'. प्रत्यय तोच. (मास्तर दहाजणांना पुरून उरतात, हे गावाला ठाऊक असावं.)

या मानाचं बिल कुणाला तरी भरावं लागतं. घरगुती खाणावळीत फोन केला, तर काकी म्हणाल्या, "तुमी येतलात तर जेवान करून ठेवतंय." मान मिळाल्याच्या आनंदात मी "हो हो" म्हटलं. पोचलो तर बांगड्याचं तिखलं, तळलेल्या सुरमईची चळत आणि तांब्याभर सोलकढी. काकी माझ्या मागे, रस्त्याकडे बघत होत्या. "बाकीची खय?" बाकीचं कुणी नव्हतं. 'तुमी' म्हणजे मीच. जमेल तेवढ्यांच्या वाटणीचं मी जेवलो. संध्याकाळी काकींचा सूर बदलला होता : "रे, आता घावणे खातंस मां?" 'तुमी'वरून 'तू'वर आलो, म्हणजे घरातला झालो.

देवाचंही तेच. गाऱ्हाणं घालताना त्याला 'म्हाराजा' म्हणायचं आणि त्याच दमात 'तू' म्हणून कामाला लावायचं. जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देवाची हरकत ऐकिवात नाही.

स्पॅनिश लोकांनी हा घोळ दोन खंडांत घातलाय. स्पेनमध्ये मित्रांच्या टोळक्याला बहुतेक ठिकाणी 'वोसोत्रोस' आणि आदरणीय मंडळींना 'उस्तेदेस'. पण अटलांटिक ओलांडताना 'वोसोत्रोस' बोलीतून बुडालं. त्यामुळे मेक्सिकोतली आई चिखलात लोळून आलेल्या दोन कार्ट्यांनाही 'उस्तेदेस'च म्हणते. या शब्दाच्या मुळाशी 'आपली कृपा' असा दरबारी मायना आहे, म्हणून क्रियापदही तृतीयपुरुषी : महाराजांनी आंघोळीला चलावं! अर्जेंटिनात उलटी गंगा. एकेकाळी बड्या धेंडांना लावलं जाणारं 'वोस' तिथे आता दोस्ताला लावतात. आणि पश्चिम अंदालुसियात बरेच जण सर्वनाम 'उस्तेदेस' घेतात, क्रियापद मात्र 'वोसोत्रोस'चं. मान वर, सलगी खाली. त्यांना आपलं गाऱ्हाणं चटकन जमेल.

तेव्हा तारकर्लीत जेवण सांगायला फोन कराल, तर पलीकडून 'तुमी' ऐकून हुरळू नका. आधी डोकी किती ते सांगा, मग माशांची चौकशी करा.