पथ्यातला मोदक

भिवंडीत सरळ करायच्या गोष्टी पुष्कळ. पण रस्ते आणि वाहतूक कोणाच्याच हाती लागत नाहीत, म्हणून सुरुवात पोरांच्या दातांपासून झाली आहे. तारा बसवल्या की साधारण दीड-दोन वर्षं निघत नाहीत. म्हणजे दोन संक्रांती, दोन गणपती, दोन रमजान.

चिक्की, कडक तिळाचे लाडू, पाडव्याच्या गाठी बंद, असं डॉक्टर बजावतात, कारण दाताला चिकटवलेली ब्रॅकेट त्यानं निखळते. आजीचा निकाल वेगळा: "एका वडीनं काय होतंय!" शेजारच्या चाचींनी इफ्तारचा खजूर पाठवला, तर तो मेवा, मेव्याला पथ्य कसलं? उकडीचा मोदक मऊ, ब्रॅकेटला धक्का लावत नाही, म्हणून तो थेट पथ्यातच धरतात. त्यातला गूळ तारेखाली मुक्काम ठोकतो, जंतू त्याचं आम्ल करतात, आणि तारा निघाल्यावर सरळ रांगेतल्या दातांवर पांढरट चौकटी उमटलेल्या दिसतात. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं, हे तर कोणी ऐकूनच घेत नाही. दर तासाला डबा उघडून 'अर्धीच' बर्फी खाणं, याला आमच्याकडे संयम म्हणतात.

गाव यंत्रमागांचं. धागा तुटला की माग थांबवायचा, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. ब्रॅकेट तुटली मात्र कोणी थांबत नाही. डॉक्टरांची तारीख महिन्यानं असते. तोवर फराळ उरकून घेतात.