कार्डांवर लोगो फुकट

धाकट्या मेहुण्याने मसाल्याचा धंदा काढला. मिरची अस्सल बेडगी, कुटाई डंकावरची, पॅकिंगचं मशीन चाळीस हजारांचं. लोगोला मात्र पाचशे रुपये. ‘नायकेची ती बरोबरची खूण पस्तीस डॉलरांतच झाली ना?’ झाली, १९७१ साली. कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने केली. पण १९८३ मध्ये कंपनीने तिला बोलावून हिऱ्याची अंगठी आणि शेअर्स दिले, हे सांगताच मेहुण्याला अचानक फोन आला.

शेवटी लग्नपत्रिका छापणाऱ्याने पाचशे कार्डांवर लोगो फुकट दिला. कोरलड्रॉ उघडलं, कालच्याच पत्रिकेतला गणपती उचलला. मेहुणा खुर्चीमागे उभा राहून सांगत होता: खाली दोन मिरच्या टाका, आईचा फोटो गोलात, आणि ‘शुद्धतेची परंपरा’. (परंपरा गेल्या गुढीपाडव्यापासूनची.) ‘अजून थोडं उठावदार करा’ असं म्हटलं की तो माणूस निमूटपणे पिवळा रंग वाढवायचा. मोबाईल नंबरही लोगोतच बसवला, कोपरा रिकामा होता म्हणून.

मग बिलासाठी रबरी शिक्का केला. काल पहिल्या बिलावर उमटवला. गणपती, मिरच्या, आई, परंपरा सगळं मिळून एक जांभळा ठिपका. गिऱ्हाइकाने बिल उलटंसुलटं करून विचारलं, ‘शाई सांडली का हो?’